टिपके

नोटप्रेसमध्ये एकतीस वर्षं
माझं काम एवढंच होतं : दोन सारख्या गोष्टींतला
फरक हुडकायचा.
रेघ सरकली, शाई उतरली, आकड्याचं शेपूट तुटलं
की लाल पेन्सिलीनं फुली.
ताव बाद.

भिंग सरकारी होतं, ते तिथंच राहिलं.
हे दुसरं मी मेन रोडवर घेतलं, दोनशे ऐंशीला,
काय बघायचं ते ठरायच्या आधी.

पेठच्या अलीकडं, घाट उतरल्यावर एक पाडा.
अमावास्या. दुपारी कावळ्याला घास ठेवून निघालो होतो,
तो शिवला की नाही, बघायला थांबलो नाही.
ऋजुता बोरस्ते कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते,
माझ्या धाकटीच्या वयाची.
तिनं दोन बांबूंना पांढरी चादर ताणली,
मागं दिवा लावला,
म्हणाली, आता काही करायचं नाही, काका.

आधी तुडतुडे आले. मग एक नाकतोडा, भांडायला आल्यासारखा.
मग भुरे, मातकट, वाळक्या पानाचं सोंग घेतलेले.
साडेदहाच्या सुमाराला चादरीच्या खालच्या कोपऱ्यात
हा.
नखाएवढा पतंग. पांढरा,
पंखांवर शेंदरी रेघा आडव्या,
आणि रेघांच्या मधे टिपके, काळे,
कुणी बोरूचं टोक टेकवून उचलावं तसे.

मोजा, ऋजुता म्हणाली.
डावीकडं तीन.
उजवीकडं दोन, आणि तिसरा
असल्यासारखा.
माझा हात खिशात गेला. तिथं पेन्सिल नव्हती.

तिच्या पुस्तकात सहा चित्रं होती.
सहाही ह्याच्यासारखी
आणि ह्यातला एकही हा नव्हता.
आम्ही बारापर्यंत भांडलो, हळू आवाजात,
तो उडू नये म्हणून.
तो उडाला नाही. मिशा तेवढ्या हलवत राहिला,
आमच्याच बोलण्याला ताल धरल्यासारखा.

सकाळी जिवलीबाई भोये चहा घेऊन आल्या.
मोबाइलमधला फोटो लांब धरून पाहिला.
नाव काय ते नाय ठावं, म्हणाल्या,
पण राहतो कुठं, ते दावते.

ओढ्याकाठचा सादडा.
साल मगरीच्या पाठीसारखी फाटलेली,
आणि भेगाभेगांतून दगडफूल, करडं, हिरवट,
कडांना चुण्या पडलेलं.
त्यांनी बोटानं एक पापुद्रा नुसता उचलून धरला.
आत एक पिंजरा होता.
केसांचा. अळीनं आपल्याच अंगावरचे केस काढून
एकाला एक अडकवत विणलेला,
चाळणीसारखा, आरपार दिसणारा,
आणि मधोमध टांगलेला रिकामा कोष.
लहानपणी दगडफूल खातो, म्हणाल्या,
मोठेपणी काय खातो, त्यालाच ठावं.
आम्ही दगडफूल काढतो, विकतो.
ह्या झाडाचं नाय काढत.
का, ते मी विचारलं नाही. ऋजुतानं विचारलं.
त्या म्हणाल्या, चहा निवतोय.

येताना एसटीच्या खिडकीतून मी झाडं पाहत होतो.
घाटात प्रत्येक खोडावर करडे ठिगळ,
गिरणाऱ्याच्या पुढं विरळ,
आणि नाशिकरोडला, आमच्या कॉलनीतल्या कडुनिंबावर,
जिथून एकलहऱ्याच्या चिमण्या दिसतात,
साल नुसती साल.
एकतीस वर्षं मी ह्याच झाडाखाली सायकल लावली.
इथं काय नाही, हे तपासायचं
माझ्याकडं कधी कुणी दिलं नव्हतं.

वहीत लिहिलं :
नाव – दोनांपैकी एक, किंवा तिसरंच.
टिपके – तीन, दोन, आणि एक कच्चा.
पत्ता – ओढ्याकाठचा सादडा, जिवलीबाईंनी राखलेला.
पत्त्याची ओळ तेवढी शाईनं लिहिली.

रात्री स्वयंपाकघरात
हिच्या काळ्या मसाल्याच्या सामानातला दगडफुलाचा डबा उघडला.
वास आला, ओल्या लाकडाचा आणि जुन्या कपाटाचा.
कुठून आणलंस? भद्रकालीतून, ती म्हणाली, का?
काही नाही म्हणालो.
ताटात थोडं पसरलं, दिवा जवळ ओढला,
आणि भिंग लावून एकेक पापुद्रा
उलटा करत बसलो.